किनारा त्याचा नव्हे

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचा दक्षिण किनारा म्हणजे अटलांटिक महासागराच्या कडेने पसरलेल्या अरुंद, वालुकामय बेटांची एक माळच आहे. त्यांपैकी एका बेटावर ओशन सिटी हे गाव वसले आहे. १८७९ साली मेथडिस्ट पंथाच्या काही धर्मोपदेशकांनी कुटुंबासह निवांत राहण्याचे ठिकाण म्हणून ते वसवले, आणि तेव्हापासूनची मद्यविक्रीची बंदी तेथे आजही पाळली जाते. एडिसन परिसरातून मोटारीने साधारण दोन तासांत तेथे पोहोचता येते. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुटीत न्यू जर्सीतील गुजराती, मराठी, कानडी कुटुंबे मुलाबाळांसह तेथे मोठ्या संख्येने दिसतात. भारतातून मुलांकडे चार-सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबाही त्यांत असतात. डोक्यावर टोपी, पायांत नवे पांढरे बूट आणि पिशवीत घरून आणलेला चिवडा, असा त्यांचा थाट सहज ओळखू येतो.

किनाऱ्याला समांतर सुमारे चार किलोमीटर लांबीचा लाकडी फळ्यांचा रस्ता आहे. त्याला बोर्डवॉक म्हणतात. एका बाजूला वाळू आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला पॉपकॉर्न, आइस्क्रीम, टोप्या आणि खेळण्यांची दुकाने. याच दुकानांच्या दारात तारेचे लहान लहान पिंजरे टांगलेले असतात. आत रंगीबेरंगी खडे, एक ओला स्पंज, प्लॅस्टिकची छोटी वाटी आणि रंगवलेला एक शंख. कोणत्या शंखावर राष्ट्रध्वज, कोणत्यावर फुटबॉलचे शिरस्त्राण, तर कोणत्यावर हसरा चेहरा रंगवलेला असतो. पाहता पाहता शंखाखालून जांभळट नांगी बाहेर येते, दोन दांड्यांवरचे काळे डोळे हलतात आणि शंख चालू लागतो. लहान मूल तेथून पुढे सरकत नाही. पिंजऱ्याची किंमत लिहिलेली असते आणि तिच्या खाली मोठ्या अक्षरांत 'खेकडा फुकट' असेही पुष्कळदा लिहिलेले असते.

हाच तो हर्मिट क्रॅब, शंखात राहणारा खेकडा. ओशन सिटीत त्याचे कौतुक इतके, की ऑगस्टमध्ये तेथे या खेकड्यांची 'मिस क्रस्टेशियन' नावाची गमतीची सौंदर्यस्पर्धा भरते आणि विजेत्याला 'काकडीच्या सालीचा चषक' मिळतो. त्यामुळे पाहणाऱ्याला सहजच वाटते, की हा जीव याच वाळूतला, याच समुद्राचा. वस्तुस्थिती तशी नाही. न्यू जर्सीच्या पाण्यात शंखवासी खेकडे आहेत, पण ते कायम पाण्यात राहणारे. पिंजऱ्यात विकला जातो तो जमिनीवर राहणारा खेकडा आणि त्याचे घर फार दूर, दक्षिण फ्लोरिडा व कॅरिबियन बेटांच्या उष्ण, दमट किनाऱ्यांवर आहे.

त्याची जीवनकथा ऐकण्याजोगी आहे. मादी अंडी घेऊन समुद्राच्या कडेला जाते आणि ती पाण्यात सोडते. अगदी बारीक पिले काही आठवडे समुद्रात तरंगतात, मग सूक्ष्म शंख शोधून जमिनीवर येतात आणि पुढचे सारे आयुष्य जमिनीवरच काढतात. श्वासासाठी मात्र त्यांच्याकडे कल्लेच असतात. ते ओले राहिले तरच हवेतील प्राणवायू शरीरात जातो. पोटाचा भाग मऊ आणि वळलेला. त्याला कवच नसते, म्हणून मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख हे त्याचे घर. अंग वाढले की घर बदलावे लागते. बेलीझच्या किनाऱ्यावर अभ्यासकांनी पाहिले आहे, की एखादा मोठा शंख रिकामा मिळाला तर हे खेकडे लहान-मोठ्या क्रमाने रांगेत उभे राहतात. सर्वांत मोठा नव्या शंखात शिरला की त्याचा जुना शंख दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला मिळतो. नाव एकांतवासी संन्याशाचे, पण राहणे असे संगतीचे. निसर्गात त्याचे आयुष्य तीस वर्षांपर्यंत जाऊ शकते. बंदिवासात त्याची पैदास करणे फारच थोड्यांना साधले आहे. म्हणजे दुकानातला जवळजवळ प्रत्येक खेकडा कोणत्या तरी बेटाच्या वाळूतून उचलून आणलेला असतो.

एडिसनमध्ये राहणाऱ्या एका कुटुंबाने जूनअखेरीस असे दोन खेकडे घरी आणले. सांगलीहून आलेले आजोबा, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, नातीच्या हट्टापुढे नमले होते. चाळीस वर्षे हळदीची अडत चालवलेल्या अण्णांना 'फुकट' हा शब्द खटकला होता. "फुकट देतो तो माल कधी फुकट नसतो," एवढेच ते म्हणाले होते. पण नात नऊ वर्षांची, आणि सुटीचा दिवस. पिंजरा गाडीत आला.

घरी पहिले काही दिवस दोन्ही खेकडे रात्री तारांवर चढत, खड्यांत खडखड करत. मग ते मंदावले. वातानुकूलन यंत्रामुळे घरातली हवा कोरडी होती, आणि तारेच्या पिंजऱ्यात ओल कशी टिकणार? एके सकाळी एका खेकड्याचा एक पाय खड्यांत गळून पडलेला दिसला. चार दिवसांनी दुसऱ्याच्या शंखाबाहेर त्याचे अख्खे शरीर निपचित पडलेले होते. पाय, नांग्या, डोळे, सारे काही. सुनेने ते शंखासह कागदात गुंडाळले आणि कचऱ्याच्या डब्यात ठेवले. दुपारी नगरपालिकेची गाडी डबा रिकामा करून गेली. नात रडली, आजीने तिला जवळ घेतले आणि णमोकार म्हणून दिवा लावला.

दोन दिवसांनी नातीने वाचनालयातून खेकड्यांविषयीचे एक पुस्तक आणले. त्यात एक छायाचित्र होते. शंखाबाहेर पडलेले तसेच शरीर, तसेच पाय, तसेच डोळे. खाली लिहिले होते, की हा मेलेला खेकडा नव्हे, ही त्याने टाकलेली कात आहे. खेकडा वाढतो तेव्हा जुने कवच सोडतो. ते आतून पोकळ असते, काचेसारखे हलके असते आणि त्याला कुजल्याची दुर्गंधी नसते. खुद्द खेकडा तेव्हा शंखात खोल शिरून बसलेला असतो. तो मऊ, दुबळा आणि पूर्ण निश्चल असतो.

"कागदात गुंडाळताना वजन कसे लागले?" अण्णांनी सुनेला विचारले.

"अगदी हलकं होतं, अण्णा. भुईमुगाच्या टरफलासारखं."

"आणि वास?"

"वास नव्हता."

अण्णा पुढे काही बोलले नाहीत. त्या शंखात कोणी होते की नव्हते, हे आता कोणालाच कळणार नव्हते. जेवणाच्या टेबलावर उरलेला दुसरा खेकडा आपल्या रंगवलेल्या शंखात मिटून बसला होता.

आजीने दुसऱ्या दिवशी मन मोकळे केले. "याला त्याच्या समुद्रात सोडून येऊ या. बांधून ठेवलेला जीव सोडवला तर पुण्यच आहे." गावाकडे बाजारातून पाखरे सोडवून आकाशात उडवण्याची रीत तिने लहानपणापासून पाहिली होती. मुलगाही तयार होता. ओशन सिटीला पुन्हा जायचे, पाण्याच्या कडेला पिंजरा उघडायचा, एवढेच करायचे होते.

पण पुस्तकाचे पुढचे पान नातीने वाचून दाखवले. जमिनीवरचा हा खेकडा समुद्रात फार वेळ राहिला तर बुडून मरतो. वाळूवर सोडला तरी त्याला उष्ण प्रदेशाची ऊब लागते. न्यू जर्सीचा शरद ऋतू सुरू झाला की रात्रीच्या थंडीत तो टिकत नाही. त्याच्या मापाचे शंख तेथे नाहीत, त्याच्या जातीचे सोबती नाहीत. म्हणजे पिंजरा उघडणाऱ्याला समाधान लाभेल, खेकड्याला मात्र मरणच. अभयदान द्यायचे तर ज्याला द्यायचे त्याचे घर कोठे आहे, हे आधी माहीत असावे लागते. आजीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग त्याचा किनाराच घरी आणावा लागेल."

तसा तो आणता येतो. या खेकड्याच्या आजारांवर औषध असे जवळपास नाहीच. त्याचा आजार बहुधा त्याच्या घराचा आजार असतो, आणि घर सुधारले तर पुष्कळदा खेकडाही सावरतो. तारेचा पिंजरा अडगळीत गेला. शेजाऱ्यांकडची माशांची जुनी काचपेटी आली आणि तिला वरून काचेचे झाकण बसवले, म्हणजे ओल आत राहावी. आर्द्रता मोजण्याचा लहान काटा आत लावला. तो ऐंशीच्या आसपास असावा. सत्तरच्या खाली गेला की कल्ले सुकू लागतात आणि भर हवेत खेकडा हळूहळू गुदमरतो. ऊब चोवीस ते एकोणतीस अंश सेल्सिअस. ती देणारी विजेची चटई पेटीच्या तळाला नव्हे, मागच्या काचेला बाहेरून चिकटवायची. कारण तळाशी वाळू असते आणि खेकडा तेथे खोल जाऊन बसतो. खालून तापली तर तीच त्याची भट्टी होते.

वाळूचे काम अण्णांनी स्वतःकडे घेतले. मुलांच्या खेळाची स्वच्छ वाळू पाच भाग आणि नारळाच्या काथ्याचा भुसा एक भाग, असे मिश्रण. त्याचा थर किमान सहा इंच, खेकडा मोठा असेल तर त्याच्या उंचीच्या तिप्पट. ओल किती हवी, हे पुस्तकात मुलांच्या वाळूच्या किल्ल्याचे उदाहरण देऊन सांगितले होते. अण्णांना त्याची गरज पडली नाही. हळकुंड मोडून त्याच्या आवाजावरून ओल सांगणारा माणूस तो. मूठ आवळली की लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये, हे त्यांनी पहिल्याच मुठीत साधले.

पाण्याच्या दोन वाट्या, एक गोड्या पाण्याची आणि एक खाऱ्या पाण्याची. खेकडा दोन्ही पितो आणि शंखात ते साठवून अंग ओले ठेवतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्याच्या कल्ल्यांना अपाय करते, म्हणून ते काढणारे थेंब पाण्यात घालावे लागतात. खारे पाणी स्वयंपाकाच्या मिठाचे चालत नाही. मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री मीठच लागते. वाट्या खेकडा बुडू शकेल इतक्या खोल, पण चढून बाहेर येण्यासाठी आत दगडांची पायरी. ओला स्पंज काढून टाकला, कारण त्यात जंतू वाढतात. शेवटी न रंगवलेले, गोल तोंडाचे, लहान-मोठ्या मापांचे पाच-सहा नैसर्गिक शंख पेटीत ठेवले. रंगवलेल्या शंखाचा रंग निघून खेकड्याच्या पोटात जाऊ शकतो. तो रंगवलेला शंख त्याने निवडलेलाही नसतो, तो त्याच्यावर लादलेला असतो.

अन्नाचा प्रश्न या घरात अवघड होता. निसर्गात हा खेकडा गळून पडलेली फळे, पाने, लाकूड खातो, तसेच किनाऱ्याला लागलेले मेलेले मासेही खातो. घरात ते येणे शक्य नव्हते. खोबरे, सफरचंद, पपई, बिनमिठाचे अक्रोड, वाळलेले समुद्री शेवाळ आणि कवचासाठी चुना मिळावा म्हणून बारीक केलेले शिंपले, असा शिधा ठरला. शिंपल्यांची पूड पेटीत टाकताना आजीचा हात क्षणभर थबकला. जो जीव घरात आणायचा त्याचे अन्न आपल्या घराला झेपेल का, हा विचार पिंजरा विकत घेण्यापूर्वी करायचा असतो, हे त्या वेळी सगळ्यांच्याच ध्यानात आले.

नव्या घरात खेकडा दोन दिवस कोपऱ्यात बसून राहिला. तिसऱ्या रात्री तो दोन्ही वाट्यांत उतरून आला. चौथ्या रात्री त्याने रंगवलेला शंख सोडला आणि एका करड्या शंखात शिरला. आठवड्याने सकाळी पाहतात तो पेटी रिकामी. वाळूत एका बाजूला बोटभर खळगा, एवढीच खूण. तो खाली गेला होता.

वाळूखालचे दिवस पाळणाऱ्याची खरी परीक्षा घेतात. खेकडा तेथे जुने कवच सोडतो, नवे धरतो आणि सोडलेले कवच खाऊन त्यातला चुना पुन्हा अंगात घेतो. गळून गेलेल्या पायाच्या जागीही आधी मांसल कोंब येतो आणि कात टाकल्यावर नवा पाय दिसतो. लहान खेकड्याला यासाठी काही आठवडे लागतात, मोठ्याला दोन-तीन महिनेही लागू शकतात. या काळात काळजीपोटी वाळू उकरणे हा सर्वांत मोठा घात. मऊ अंगाला लागलेला धक्का त्याला सोसत नाही. वाळूखाली जाण्याची सोय नसली तर खेकडा वरच कात टाकतो, पिंजऱ्यातल्या त्या पहिल्यासारखा. तसे झाले तर त्याला हलवू नये. प्लॅस्टिकच्या बाटलीचा कापलेला भाग त्याच्यावर उपडा ठेवून इतर खेकड्यांपासून त्याचे रक्षण करावे, जवळ अंधार व शांतता ठेवावी आणि टाकलेली कात त्याच्याजवळच राहू द्यावी. खेकडा शंख सोडून उघडा पडलेला आढळला तर थोड्याशा क्लोरीनमुक्त पाण्यासह तो आणि त्याचा शंख एका लहान वाटीत घालून ती अंधारात ठेवावी. पुष्कळदा तो आपणहून परत शंखात जातो. आणि तो मेला आहे असे वाटले तर घाई करू नये. कुजल्याचा तीव्र दर्प येईपर्यंत वाट पाहावी. टाकून देण्याची वेळ कधीच टळत नाही, पण टाकून दिलेला जीव परत आणता येत नाही.

जुलै सरला, ऑगस्ट सरला. दशलक्षण पर्व आले आणि गेले. अण्णा रोज सकाळी वाट्यांतले पाणी बदलत, काटा पाहत आणि नातीला एक बोटही वाळूला लावू देत नसत. मुलाने एकदा विचारले, "अण्णा, खाली काहीच नसेल तर?"

"नसेल तर पाणी वाया गेलं. असेल तर?" अण्णा म्हणाले. मुलाने तो प्रश्न पुन्हा काढला नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री पाणी प्यायला उठलेल्या आजीला काचेवर टकटक ऐकू आली. करड्या शंखातला खेकडा वाळूच्या वर होता. रंग आधीपेक्षा गडद, नांगी चकचकीत, आणि गळालेल्या पायाच्या जागी इतरांहून थोडा लहान, फिकट असा नवा पाय. तिने कोणालाच हाक मारली नाही. खुर्ची ओढून ती तेथेच बसली. घरातले सगळे जागे झाले ते सकाळी.

अण्णा-आजी परतण्यापूर्वी कुटुंब एकदा ओशन सिटीला जाऊन आले. हंगाम संपला होता. बोर्डवॉकवरची निम्मी दुकाने बंद होती, पण एका दारात उरलेले पिंजरे लटकत होते आणि किंमत उतरवलेली होती. कोरड्या खड्यांत तीन-चार शंख निश्चल पडले होते. नातीने अण्णांचा हात धरला. "आजोबा, यांना घेऊ या ना. आता आपल्याला येतं." तिचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांना आता खरोखर येत होते.

अण्णा बराच वेळ पिंजऱ्यांकडे पाहत उभे राहिले. मग तिला घेऊन ते बाकावर बसले. "बाळ, दुकानदार माल कधी मागवतो?"

"संपला की."

"आपण हे चार घेतले तर त्याच्या वहीत काय लिहिलं जाईल? चार सोडवले असं, की चार खपले असं?"

नात बोलली नाही. हिशेब तिला कळला होता, पण कळणे सोपे नव्हते. समोरचे चार दिसत होते. त्यांच्या जागी पुढच्या जूनमध्ये येणारे चार अजून कॅरिबियनच्या कोणत्या तरी किनाऱ्यावर, एकमेकांच्या शंखांची वाट पाहत रांगेत उभे असतील. ते दिसत नव्हते. अण्णांच्याही चेहऱ्यावर समाधान नव्हते. त्या चौघांकडे पाठ फिरवणे हे काही पुण्याचे काम वाटत नव्हते.

त्यांनी एक मधला मार्ग काढला. अशा पाळणाऱ्यांची संख्या मोठी असते, ज्यांना सुटी संपल्यावर पिंजऱ्याचे काय करावे हे कळत नाही. मुलाने आपल्या ओळखीच्या कुटुंबांत निरोप पाठवला, की कोणाला खेकडा सांभाळणे जमत नसेल तर तो टाकू नका, आमच्याकडे द्या. आठवड्याच्या आत एका घरातून दोन खेकडे आले, एक ध्वजाच्या शंखात आणि एक हसऱ्या चेहऱ्याच्या शंखात. ते विकत घेतलेले नव्हते, त्यामुळे कोणत्याही वहीत त्यांची जागा भरून निघणार नव्हती.

अण्णा सांगलीला परतले तेव्हा काचपेटीवर त्यांच्या अक्षरातला एक कागद चिकटवलेला होता. काटा ऐंशीवर ठेवणे. दोन्ही पाणी रोज बदलणे. वाळूची मूठ आठवड्यातून एकदा पाहणे. दिसला नाही तर उकरू नये. शेवटच्या ओळीखाली त्यांनी रेघ ओढली होती: वास आल्याशिवाय कोणालाही बाहेर टाकू नये.

आजही त्यांचा दूरध्वनी दर रविवारी येतो. नातीच्या शाळेची चौकशी होते, मुलाच्या कामाची होते, सुनेच्या तब्येतीची होते. आणि शेवटी, फोन ठेवण्यापूर्वी, अण्णा विचारतात, "वर किती आहेत आणि खाली किती?"